कुणाचे साडेसहा?

सोमवार, ३० मार्च २०२६
ठाणे

काल लंडनने उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे केलं. युरोपात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी होतं, अमेरिकेत दुसऱ्या रविवारी. म्हणजे न्यूयॉर्कने ८ तारखेलाच उरकलं होतं. मधले तीन आठवडे या दोन शहरांत पाचाऐवजी चारच तासांचं अंतर राहतं, आणि ऐरोलीत बसून दोघांच्या मीटिंगा लावणाऱ्याला वर्षातला सगळ्यांत अवघड काळ हाच.

हिवाळाभर न्यूयॉर्कचा कॉल आपल्या संध्याकाळी साडेसातला असतो, तिथले सकाळचे नऊ. लंडनचा हँडओव्हर, म्हणजे काम एकमेकांच्या हाती सोपवायचा कॉल, साडेसहाला, तिथला दुपारचा एक. अमेरिकेचं घड्याळ पुढे गेलं की न्यूयॉर्कचा कॉल आपसूक साडेसहावर येतो, कारण इन्व्हाइट तिथल्या वेळेला बांधलेला. लंडनचा जागचा हलत नाही. दोन्ही कॉल एकाच वेळी, आणि माणसं तीच! म्हणून मी फेब्रुवारीतच लंडनला लिहून हँडओव्हर त्यांच्या बाराला, आपल्या साडेपाचला घेतला होता. आजपासून तो त्यांच्याकडे पुन्हा एकला गेला, आपल्याकडे मात्र साडेपाचच राहिला. आज कुणी फोन करून 'कॉल कधी आहे?' असं विचारलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

घड्याळ आपलं बदलत नाही, तरी दिवस आपलाच बदलतो. आमच्या टीममधली एक मुलगी कळव्याला राहते. साडेसातचा कॉल संपवून ऐरोलीहून ठाण्याची गाडी, मग ट्रान्स-हार्बरच्या फलाटावरून पूल चढून कळव्याच्या स्लो लोकलसाठी धावाधाव. घरी पोचेपर्यंत तिची लेक झोपलेली असते. कॉल साडेसहाला असला की ती जेवायच्या वेळेला घरी असते. १० तारखेला डबा धुताना मला म्हणाली, "ताई, काल तिने मला शाळेतली सगळी गोष्ट सांगितली. आता नोव्हेंबरपर्यंत रोज ऐकायला मिळेल ना?" मिळेल. १ नोव्हेंबरला अमेरिकेचं घड्याळ मागे येईपर्यंत मिळेल. ज्या तासाला आपण कॅलेंडरमधला एक निळा चौकोन समजतो, तो कुणाच्या तरी घरातला तास असतो. मीटिंग लावणाऱ्याला तो चौकोनाआड दिसायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

नुसतं 'साडेसहा' लिहिलेलं मला चालत नाही. साडेसहा न्यूयॉर्क की साडेसहा मुंबई, शहर लिहायचंच. 'शुक्रवार, एंड ऑफ डे' हे तर त्याहून वाईट. कॅलिफोर्नियातल्या शुक्रवारचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे शनिवारची सकाळ उजाडलेली असते.

शहर विचारायची ही सवय आपल्या लोकांना एकेकाळी होतीच. १९०६ च्या आधी रेल्वे मद्रासच्या वेळेने चालायची आणि मुंबई स्वतःच्या वेळेने, दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला एक वेळ मिळाली. ती ८२.५ अंश रेखांशावरून, मिर्झापूरच्या बाजूने, मोजलेली. एका तासाला पंधरा अंश धरले की साडेपाच तास येतात. आपला तो अर्धा तास तिथून आला. मुंबईने मात्र ही वेळ लगेच मानली नाही. महापालिका पुढे कित्येक दशकं मुंबई टाइमच पाळत होती, ३९ मिनिटं मागे. म्हणजे कुणी वेळ दिली की 'कुठली? स्टँडर्ड की मुंबई?' हे विचारावंच लागे. तो फरक कागदावरून गेला, आकाशातून गेलेला नाही. ठाण्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साधारण बारा चाळीसच्या आसपास.

पाडवा यंदा १९ तारखेला, नेमका या तीन आठवड्यांत. महाराष्ट्रातल्या सुट्ट्यांची यादी मी जानेवारीतच तिन्ही शहरांच्या कॅलेंडरवर चढवली होती, त्यामुळे न्यूयॉर्कने स्वतःहून त्या दिवशीचा कॉल काढून टाकला. नौपाड्यात शोभायात्रा बघताना खिशातला फोन वाजला नाही.

खरा प्रश्न कॅलिफोर्नियाचा. सध्या साडेबारा तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेतेरा. दोघांनाही सोयीची वेळ नाहीच. कुणाची तरी पहाट जाते नाहीतर कुणाची तरी रात्र. अशा वेळी 'तुम्हाला रात्री जमतं ना?' असं आपल्याला विचारलं जातं आणि आपण सवयीने हो म्हणतो. पहिल्यांदा वाटलेला 'एवढंच ना' वर्षभर टिकतो. म्हणून गेल्या आठवड्यात मी तिथल्या मॅनेजरांना स्पष्ट लिहिलं: एक महिना त्यांनी सकाळी सातला यावं, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात, पुढचा महिना त्यांचे नऊ, आपले रात्रीचे साडेनऊ. पाळी ठरवून घ्यायची आणि ती लिहून ठेवायची. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: 'एप्रिलपासून सुरू करू, पहिली पाळी आमची.' भांडावं लागलं नाही, फक्त मागावं लागलं. टीममधल्या धाकट्या पोरांना मी हेच सांगत असते, मागा.

आता सिडनी. तिथे घड्याळ मागे जातं ते एप्रिलच्या पहिल्या रविवारी, म्हणजे येत्या ५ तारखेला. त्यांच्या दुपारी एकचा कॉल सध्या आपल्याकडे सकाळी साडेसातला पडतो, डबे भरायच्या वेळेला. पुढच्या आठवड्यापासून तो साडेआठला पडेल, म्हणजे निम्मी टीम गाडीत आणि ठाण्याच्या फलाटावरच्या गर्दीत हेडफोन शोधणारी. त्यांना दुपारी दोन चालतील का, असं आज विचारलं. आपले साडेनऊ, सगळे जागेवर. चालतील म्हणाले. मंगळवार, ७ एप्रिलपासूनचा इन्व्हाइट सिडनीच्या घड्याळाला बांधून पाठवला आहे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, ४ तारखेला, पुन्हा बघायचं असं त्यातच लिहून ठेवलं आहे.