लेकरांच्या हाताला लागेपर्यंत : आमची वाटचाल

सासऱ्यांच्या हातची तिफण बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यात लोक लांबून ओळखायचे. तिफण, वखर, कोळपं, बैलगाडीची दुरुस्ती, आणि कुणाच्या घरी लेकरू धरून उभं राहायला लागलं की पांगुळगाडा, एवढं त्यांचं काम. ट्रॅक्टरवरची पेरणी आली तशी बाकीची कामं एकेक करून गेली. पांगुळगाडा तेवढा राहिला. मी 2009 ला डी.एड. झाले आणि त्याच वर्षी या घरात सून म्हणून आले. पुढे शिक्षक भरती थांबली ती थांबलीच. दोन वर्षं वाट पाहिली, मग गावातल्या मारुतीच्या पारावर मी बालवाडी सुरू केली. खेळायला काहीच नव्हतं. एका रात्री सासऱ्यांनी उरलेल्या बाभळीच्या तुकड्यांचे सत्तावीस ठोकळे तासून दिले, कडा काचपेपरने घासघासून इतक्या गुळगुळीत केल्या की लेकरांनी पहिल्यांदा ते गालाला लावून पाहिले. लेकरांच्या खेळण्या-शिकण्याचं साहित्य बनवायच्या आमच्या धंद्याची सुरुवात तिथून झाली.

शेजारच्या गावच्या अंगणवाडी सेविकाबाईंनी तसलाच संच मागितला, मग त्यांच्या बहिणीने, मग एका संस्थेने चाळीस. 2017 ला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून 8 लाखांचं प्रकरण केलं. ग्रामीण भाग आणि महिला अर्जदार म्हणून अनुदान 35 टक्के, स्वतःचा हिस्सा 5 टक्के, बाकी बँकेचं कर्ज. या योजनेकडे वळणाऱ्यांना एक सांगते. अनुदानाचे पैसे हातात येत नाहीत. ते बँकेत तीन वर्षं आपल्या नावावर अडकून राहतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि युनिट चालू आहे याची प्रत्यक्ष तपासणी झाल्यावर कर्जात वळते होतात. हे मला बँकेत सही करताना कळलं. आधी कळलं असतं तर खेळत्या भांडवलाचं गणित वेगळं मांडलं असतं. त्या पैशांतून करवत, रंधा मशीन, लॅमिनेशन आणि छोटं छपाई यंत्र आलं.

पण आमच्या कामाची दिशा त्याच्या एक वर्ष आधीच ठरली होती, एका बंद कपाटापुढे.

धारूरच्या डोंगरातल्या एका अंगणवाडीत मी नमुना दाखवायला गेले होते. खोलीत बावीस लेकरं सतरंजीवर बसलेली, हाताची घडी, तोंडावर बोट. कोपऱ्यात गोदरेजचं कपाट. सेविकाबाईंना म्हटलं, आधीचं साहित्य काय आलंय बघू द्या. त्यांनी कमरेची किल्ली काढली. आत तीन वर्षांची शालेय पूर्व शिक्षणाची किटं ओळीने रचलेली, प्लॅस्टिकचं वेष्टनही न काढलेलं. मण्यांची माळ, रंगीत चकत्या, चित्रांचे तक्ते, सगळं नवंकोरं. मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, लेकरं हात लावतेत. एखादा मणी गेला, कार्ड फाटलं, तर डेडस्टॉक रजिस्टरला काय लिहावं म्या? तपासणीला आले की मोजून घेतेत. भरून देयाचं म्हणलं तर माझ्या मानधनातून."

त्या बाईंना मी कधीच दोष दिला नाही. तेव्हाच्या त्यांच्या मानधनात मोडलेल्या खेळण्याची भरपाई बसत नव्हती. आणि त्यांचं लिहिणं-मोजणं चुकलं तर त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. पैसे शासनाने दिले होते, साहित्य पुरवठादाराने पोचवलं होतं, पोचपावतीवर सही होती, निधी वापरल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वर गेलं होतं. कागदावर सगळं पूर्ण झालं होतं. बावीस लेकरं मात्र तोंडावर बोट ठेवून बसली होती.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, आपण विकतो ते कपाटात जाणार असेल तर विकायचंच नाही.

उपाय एका पर्यवेक्षिकाबाईंनी सुचवला, तो माझ्या डोक्यातला नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या बिलावर आणि पॅकिंग यादीवर दोन भाग पाडा. पेटी, फळा, फळी ही टिकाऊ वस्तू, ती डेडस्टॉक रजिस्टरला. कार्डं, मणी, खडू, चित्रपट्ट्या ही उपभोग्य. उपभोग्य वस्तूची नोंद वेगळ्या रजिस्टरला होते आणि वापरून संपली असं लिहिता येतं. एवढं साधं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक यादीवर "वापराने झिजणारे साहित्य" असा ठळक रकाना असतो. सोबत एक पाकीट जादा मणी आणि दहा जादा कार्डं, किंमत न लावता. पेटीच्या झाकणावर आतून मी स्वतः लिहिलेला कागद चिकटवलेला असतो : "हे मोडण्यासाठीच आहे. मोडलं तर आम्हाला कळवा."

आता पैशाविषयी. अंगणवाड्या ज्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, तेव्हा देशात फक्त 33 प्रकल्प होते. आज एकट्या महाराष्ट्रात 1 लाख 10 हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. योजनेच्या सहा सेवांपैकी शालेय पूर्व शिक्षण ही एक. पण खर्चाचा मोठा वाटा आहाराला जातो, आणि भुकेल्या लेकराला आधी खाऊ हवा, यात वाद नाही. शिक्षणाच्या किटला अनेक वर्षं अंगणवाडीमागे वर्षाला 3,000 रुपये आणि मिनी अंगणवाडीला 1,500 असा दर होता. पंचवीस लेकरं धरली तर एका लेकरामागे वर्षाला 120 रुपये. त्यातच वाहतूक, कर आणि पुरवठादाराचा नफा. मी रडगाणं गात नाही. 120 रुपयांत पुष्कळ करता येतं, हे आम्ही करून दाखवलंय. अडचण रकमेपेक्षा वेळेची जास्त आहे.

निधीत केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40 टक्के. आधीच्या हप्त्याची उपयोगिता प्रमाणपत्रं गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. तो राज्याच्या तिजोरीत, तिथून आयुक्तालय, तिथून जिल्हा, तिथून प्रकल्प. मग निविदा, नमुना मंजुरी, पुरवठा आदेश. आम्हाला आदेश मिळतो तो बहुतेक वेळा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणि 31 मार्चच्या आत साहित्य पोचून बिल सादर व्हायला हवं, नाही तर निधी परत. आमच्याकडे त्या महिन्यात दिवसरात्र काम चालतं. किट पोचतं तेव्हा ऊन तापलेलं असतं. मे महिन्यात अंगणवाडीला सुट्टी. जूनला सहा वर्षांची झालेली लेकरं पहिलीत जातात. म्हणजे ज्या लेकरांना मोजून तो निधी मागितला होता, त्यांतल्या मोठ्या लेकरांचा त्या पेटीला हातसुद्धा लागत नाही.

आमच्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, मुकादमाचा ट्रक येतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि सोबत लहान लेकरं. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. वडवणी, धारूर, पाटोदा भागातल्या काही वाड्यांत दिवाळीनंतर म्हातारी माणसं आणि शेळ्या तेवढ्या उरतात. पाडव्याच्या पुढेमागे लोक परत येतात. म्हणजे अंगणवाडी ज्या काळात नीट भरते, त्याच काळात ही लेकरं उसाच्या फडात.

म्हणून 2018 ला आम्ही थैली काढली. जाड खादीची, गळ्यात अडकवायची, वरून बंद होणारी. आत बोरूच्या आकाराचा जाड खडू, छोटी पाटी, चार चित्रपुस्तकं आणि वीस कार्डं. पुस्तकाचं पान पाण्याने भिजलं तरी पुसता येईल असं लॅमिनेट केलेलं, कारण फडाजवळच्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, सगळं ओलं होतं. हे मी तिथे जाऊन तीन रात्री राहिल्यावर कळलं. पहिल्या थैलीतली पुस्तकं साध्या कागदाची होती, ती महिन्यात गेली.

ती थैली कुठल्याच योजनेच्या यादीत बसत नव्हती. मग ग्रामपंचायतींकडे गेलो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चावे लागतात, आणि वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीतूनही आराखड्यात घेतलं तर करता येतं. हा पैसा लहान असतो, कुठे 8 हजार, कुठे 15 हजार. पण तो गावात असतो आणि मार्चची वाट पाहावी लागत नाही. ग्रामसभेत ठराव झाला की गणपतीच्या आत थैल्या शिवून होतात. पहिल्या वर्षी सहा गावं, 143 थैल्या. एका सरपंचबाईंनी सभेतच विचारलं होतं, "नाली बांधायची का थैली घ्यायची?" आणि मग स्वतःच म्हणाल्या, "नाली पुढच्या साली बी होईल. लेकरू पुढच्या साली एक वर्सानं मोठं झालेलं असंल."

कार्डांविषयी थोडं सांगायलाच हवं. आमचं पहिलं चित्रकार्ड बाजारातल्यासारखंच होतं : वर चित्र, खाली शब्द. माजलगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर मी भाकरीचं कार्ड धरलं. चार वर्षांची पोर म्हणाली, "बाटी." सेविकाबाई चटकन म्हणाल्या, "नाही, भाकरी म्हण." पोर गप्प झाली आणि पुढची दहा कार्डं संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. घरी गोरमाटी बोलणाऱ्या लेकराला भाकरी म्हणजे बाटी आणि आई म्हणजे याडी. त्यानंतर कार्डाच्या चित्राच्या बाजूला आम्ही काहीच छापत नाही. शब्द मागच्या बाजूला, मराठीत, आणि तांड्यावरच्या संचात खाली गोरमाटी शब्द देवनागरीत. आधी लेकरू त्याच्या शब्दात बोलतं, मग बाई कार्ड उलटतात. चित्रंही बदलली. सफरचंद, पेंग्विन गेले. खुरपं, जातं, कोयता, कडब्याची गंजी, एसटी, पाण्याचा टँकर आले. डी.एड.ला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डी-कोसबाडचं काम शिकताना वाचलं होतं की त्यांनी महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पाला, बिया वापरल्या. परीक्षेला लिहिलेलं ते उत्तर मला तांड्यावर खऱ्या अर्थाने समजलं.

वाईट वर्षं दोन आली. पहिलं 2020. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात 410 किटं पोचवली, 24 मार्चला सगळं बंद. अंगणवाड्या बंद, कार्यालयात माणूस नाही, बिल अडकलं. आम्ही थेट पुरवठादार नव्हतो. निविदेत तीन वर्षांची उलाढाल मागतात, ती आमच्याकडे नव्हती, म्हणून एका मोठ्या पुरवठादाराच्या हाताखाली माल देत होतो. त्याला पैसे मिळाले की आम्हाला मिळणार. चौदा महिने लागले. सूक्ष्म उद्योगाला 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत असा कायदा आहे, समाधान पोर्टलवर तक्रार करता येते, हे माहीत होतं. तक्रार केली नाही. केली असती तर पुढचं काम गेलं असतं, आणि घरी आठ बायकांचे पगार होते. त्या काळात मी गळ्यातलं गहाण ठेवलं. ते 2022 ला सुटलं.

दुसरा धक्का लाकडाला. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह सक्तीचं झालं. लेकरं वस्तू तोंडात घालतात, रंगात शिसं असू नये, टोक लागू नये, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पण परवाना आणि चाचण्यांचा खर्च आमच्या वर्षाच्या नफ्याला पुरून उरणारा होता. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या वस्तूला सूट आहे. सासऱ्यांचं आणि नवऱ्याचं कारागीर ओळखपत्र काढलं, त्यावर पांगुळगाडा आणि ठोकळे आजही होतात, थेट विक्रीचे. सरकारी पुरवठ्यात लाकूड बंद केलं. तिथे आता छापील काम. त्यातही एक खोच : चित्रपुस्तकाला जीएसटी शून्य, त्यामुळे कागदावर भरलेला कर परत मिळत नाही, तो किमतीत धरावा लागतो. नवख्याने दर भरताना हे विसरू नये. मी विसरले होते.

गेल्या काही वर्षांत वारं बदललंय, हे मान्य करायला हवं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला. लेकरांना वाचता-मोजता यावं म्हणून निपुण भारत 5 जुलै 2021 ला आलं. 2023 ला "पोषण भी पढाई भी" सुरू झालं आणि सेविकांना खेळातून शिकवण्याचं प्रशिक्षण मिळू लागलं. रोज किमान दोन तास शिकण्यासाठी, असं आता सांगितलं जातं. प्रशिक्षण घेऊन आलेल्या सेविका आमच्याकडे येऊन "हा खेळ कसा घ्यायचा" विचारतात. पूर्वी "यादीप्रमाणे आहे का" एवढंच विचारायच्या. प्राथमिक शाळेच्या वर्षाच्या 5,000 रुपयांच्या ग्रंथालय अनुदानातून आमची चित्रपुस्तकं काही शाळांत गेली, तीही पहिलीच्या वर्गात, खालच्या फळीवर, हाताला येतील अशी.

सध्या आम्ही अकरा जण आहोत. सासऱ्यांचे हात थरथरतात, तरी ठोकळ्याच्या कडा तेच तपासतात, गालाला लावून. यंदा एकोणीस ग्रामपंचायतींचे ठराव झालेत, 512 थैल्यांचं कापड कापून पडलंय. दोन गावांचे ठराव अजून सहीला अडकलेत, तिथल्या टोळ्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार आहेत. त्या 38 थैल्या आम्ही आधीच शिवायला घेतल्या आहेत.