गोदी नसलेल्या मुलखात बोटीची फेरबांधणी : माझा अनुभव

पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, मासेमारी करणाऱ्या आमच्या सहकारी संस्थेने कोकण किनाऱ्यावरून एक जुनी फायबरची बोट विकत घेतली. निरनिराळ्या काठांवर उतरणारी कटला, रोहू आणि मृगळ ही मासळी गोळा करून बर्फासह एका ठिकाणी आणणे, एवढेच काम तिच्याकडून हवे होते. संस्थेचा सचिव या नात्याने तिची दुरुस्ती आणि फेरबांधणी करून घेण्याची जबाबदारी माझ्यावर आली. गोदावरीच्या पात्रात भोई समाज पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आला आहे, परंतु जायकवाडीचे धरण १९७६ साली झाले आणि साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरणारे पाणी आमच्या वाट्याला आले ते तेव्हापासून. त्यामुळे मोठ्या पाण्यावरील इंजिनाच्या बोटीची माहिती असणारी माणसे आमच्याकडे थोडी आणि बोट दुरुस्त करणारी गोदी तर अख्ख्या मराठवाड्यात नाही.

गोदी नसली तरी कारागीर मात्र आहेत, हे शोधायला निघाल्यावर हळूहळू लक्षात आले. वाळूजला बसचे भाग आणि पाण्याच्या टाक्या घडवणारा फायबरवाला मिळाला. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा लेथवाला मिळाला, त्याची मापे आम्हाला हवी होती त्याहून कितीतरी बारीक होती. ट्रॉल्या बनवणारा वेल्डर, ट्रॅक्टरची इंजिने उघडणारा मिस्त्री, शीतगृहांत पफ, म्हणजे थंडावा टिकवणारा फोम, भरणारी जोडी, गाड्यांचे वायरिंग करणारा मुलगा आणि पैठणमधलाच एक सुतार, अशी सगळी मंडळी जमली. यांपैकी प्रत्येकाला आपले काम उत्तम येत होते, पण बोटीचे काम कोणीच केलेले नव्हते. लेथवाल्याने तर पहिल्याच भेटीत सांगितले, “ड्रॉइंग द्या साहेब, त्याशिवाय मी बार कापत नसतो.” ड्रॉइंग कुठून देणार? जुना शाफ्ट, म्हणजे इंजिनाने पंखा फिरवणारा दांडा, काढून त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा कुठे तो राजी झाला.

या टप्प्यावर आम्हाला खरा आधार मिळाला तो मुंबईच्या माझगाव गोदीतून पाइप फिटर म्हणून निवृत्त होऊन गावी परतलेल्या एका काकांचा. त्यांनी बोट पाहिली, हातातल्या लहान हातोडीने तळावर ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला आणि कारागिरांबद्दल एकही प्रश्न न विचारता म्हणाले, “माणसं चांगली आहेत, पण त्यांची पाळी कोण ठरवणार आहे? आधी आगीचं काम, मग फोम, मग वायर, आणि रंगारी सगळ्यांत शेवटी. एकाची पाळी चुकली की दुसऱ्याचं झालेलं काम फोडावं लागतं.” मोठ्या गोदीत कोणत्या कप्प्यात कोणत्या दिवशी कोणता कारागीर जाईल हे ठरवणारा स्वतंत्र विभाग असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळले. आमच्याकडे तो विभाग म्हणजे मी आणि शाळेची एक दोनशे पानी वही.

पहिले काम तळाचे होते आणि त्यात सर्वाधिक वेळ गेला. तळाच्या बाहेरच्या थरावर, म्हणजे जेलकोटवर, जागोजागी फोड आले होते. फोडल्यावर त्यांतून आंबूस वासाचे चिकट पाणी निघाले. फायबरमध्ये पूर्ण न मुरलेली विद्राव्य द्रव्ये शिल्लक राहिलेली असतात, जेलकोटमधून सावकाश आत झिरपणारे पाणी त्यांत मिसळते, त्या द्रावणाकडे आणखी पाणी ओढले जाते आणि दाबाने फोड उठतो. समुद्राच्या पाण्यात मीठ असल्यामुळे ही ओढ कमी असते आणि गोड्या पाण्यात ती वाढते. खारे पाणी सोडून गोड्या पाण्यात आलेल्या बोटीला आता आराम, असे आमच्या सभासदांना वाटत होते, परंतु तळाच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट होती. वजनाच्या बाबतीत मात्र चिंतेचे कारण नव्हते. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी हलके असल्याने बोट थोडी अधिक बुडते खरी, पण एवढ्या लहान बोटीत तो फरक काही मिलिमीटरांचाच असतो.

फोड आलेला जेलकोट घासून काढणे, तळ स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन आतली द्रव्ये बाहेर काढणे आणि मग तो पूर्ण वाळू देणे, असा हा क्रम आहे. वाळवणीसाठी मराठवाड्याच्या एप्रिलइतका सोयीचा काळ शोधून सापडणार नाही. कोकणातल्या दमट हवेत जी गोष्ट रेंगाळते, ती इथल्या कोरड्या झळांनी आपोआप होते. तळ वाळला की नाही हे पाहण्यासाठी काकांनी साधी युक्ती सांगितली. प्लॅस्टिकच्या कागदाचे हातभर तुकडे तळाला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचे आणि उन्हानंतर आतून दव धरते का ते पाहायचे. जोवर कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसत होते, तोवर फायबरवाल्याला बोटीकडे फिरकू दिले नाही. तो रोज फोन करी आणि मी रोज नाही म्हणे.

ज्या उन्हाने तळ वाळवला, तेच उन्ह पुढच्या कामात आडवे आले. फायबरचे थर बांधणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये ते गोठवण्यासाठी हार्डनर साधारणपणे एक ते दोन टक्के घालतात. चाळीस अंशांच्या वर पारा असताना दोन टक्के घातले तर डबा हातातच गरम होतो आणि मॅटवर ब्रश फिरण्याआधी रेझिन गोठते. म्हणून हार्डनर एक टक्क्यावर ठेवून, थोडे थोडे कालवून, पहाटे काम करायचे ठरले. गोठण्याला वेग देणारा कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो, त्यामुळे कोबाल्ट आधी रेझिनमध्ये मिसळलेला असला पाहिजे आणि दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या खोल्यांत राहिल्या पाहिजेत, हा नियम फायबरवाल्याने इतक्या कडकपणे पाळला की त्याच्याविषयीचा माझा आदर तिथेच दुणावला. खराब झालेल्या जागी फायबर काटकोनात न कापता, जाडीच्या बारा पट लांबीचा उतार घासून त्यावर नवे थर चढवले. टाकीला असे कोणी करत नाही, असे तो म्हणाला, पण केले.

पाळीचा खरा कस लागला तो यानंतर. तळावर पाणी रोखण्यासाठी शेवटी एपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनचे थर द्यायचे होते. पॉलिएस्टरवर एपॉक्सी चांगले धरते, परंतु एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. याचा अर्थ असा की एपॉक्सी लागल्यानंतर फायबरवाल्याला परत बोलावण्याची सोय उरत नाही. तेव्हा तळातून आरपार जाणारी सगळी भोके, म्हणजे शाफ्टची नळी, सुकाणूचा दांडा, थंड पाणी ओढणारी नळी आणि साचलेले पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाची वाट, आधीच नक्की करणे भाग होते. त्यासाठी इंजिन मिस्त्री, वेल्डर, वायरमन आणि सुतार या चौघांना एकाच दिवशी बोटीवर आणावे लागले. चौघांचे एकमत व्हायला संध्याकाळ झाली. सुताराला सागवानी पाट जिथे हवा होता तिथेच मिस्त्रीला गाळणी उघडायला हात घालायची जागा हवी होती. नाथसागरात गाळ आणि पाणवनस्पती भरपूर, त्यामुळे गाळणी वारंवार साफ करावी लागणार हे उघड होते आणि पाट सरकला.

वेल्डिंग, पफ आणि वायर यांबाबत काकांचे वाक्य शब्दशः पाळले. पफचा फोम पेटला तर विषारी धूर होतो. म्हणून इंजिनाच्या बैठकीचे लोखंडी काम आणि वेल्डिंग पूर्ण झाल्यावर, वाळूच्या बादल्या हलवल्यानंतरच, बर्फाच्या कप्प्यात फोम भरला. वायरिंग आणि रंग यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. दोन्ही वेळेत झाले. विमा कंपनीचे सर्वेक्षक येऊन गेले आणि त्यांनी साचलेले पाणी चढले की पंप चालू करणारा फ्लोट स्विच तेवढा हाताने उचलून तपासला.

बोट तयार झाली, पण पाणी दूर होते. उन्हाळ्यात नाथसागराचा काठ मागे सरकतो आणि उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीवर गाळपेर होते. त्या मातीत ओल असेल तर ट्रेलर आसापर्यंत रुतण्याची भीती असते. पैठणला पाऊस पडून काठ पुढे येत नाही. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली धरणे भरून तिथून विसर्ग सुरू झाला की मगच येतो. म्हणून आम्ही आमच्या आभाळाऐवजी नाशिकच्या पावसाच्या बातम्या वाचत राहिलो. पाणी पक्क्या मुरमाड उतारापर्यंत चढल्यावर क्रेन बोलावून बोट उतरवली.

इंजिन आणि शाफ्ट यांची अंतिम सरळ रेष बोट जमिनीवर असताना जुळवून उपयोग नसतो, कारण पाण्यात गेल्यावर तिचे अंग किंचित बदलते. हे पटवताना मिस्त्रीशी बरीच हुज्जत झाली, कारण ट्रॅक्टरला असली भानगड नसते. बोट पाण्यात एक रात्र राहू दिली आणि सकाळी इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सैल करून फट मोजणारा फिलर गेज चारही बाजूंनी फिरवला. शंभर मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला ०.१ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. आमच्याकडे खालच्या बाजूला त्याच्या कितीतरी पट फट निघाली. मिस्त्रीने काही न बोलता इंजिनाच्या पायांखाली पातळ पत्रे सरकवायला घेतले. शाफ्टच्या नळीतून पाणी आत येऊ न देणाऱ्या ग्लँडची दोरी त्याने सवयीने करकचून आवळली होती, तीही थोडी सैल करून घेतली, कारण शाफ्ट फिरताना तिथून मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत, नाहीतर ती जागा तापून शाफ्ट झिजतो.

एक गोष्ट पाण्यात उतरवण्याच्या आदल्या दिवशी बदलली. शाफ्ट आणि पंखा गंजू नये म्हणून त्यांच्याऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा ठोकळा कोकणात लावतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते निकामी होते, तिथे मॅग्नेशियम लागते. पहिल्या हंगामानंतर बोट वर काढली तेव्हा तो ठोकळा बराच झिजला होता, पंखा स्वच्छ होता आणि तळावर नवा फोड नव्हता. दुरुस्ती निघाली ती बर्फाच्या कप्प्याच्या झाकणाची. त्याच्या बिजागऱ्या वाकल्या होत्या, आणि त्यांसाठी वेल्डरला बोलावण्यापूर्वी कडेचा फोम काढून ठेवायचा असे वहीत लिहून ठेवले आहे.