मामा असतात तिथे

“काकू, नळ स्टॉपला मामा असतात ना, तिथे घालतो.”

सकाळी पुण्यात कर्वे रोडच्या सिग्नलला शेजारी स्कूटर थांबली. चालवणारा मुलगा अकरावीतला, मागे त्याचे बाबा. हेल्मेट मुलाच्या कोपरात अडकवलेलं, काचेवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. “बाळा, डोक्यावर घाल रे,” एवढंच मी म्हटलं, त्यावर हे उत्तर. मामा म्हणजे ट्रॅफिक पोलीस.

बाबा कौतुकाने म्हणाले, “चालवतो छान हो तो.”

सिग्नल सुटला. दोन्ही आरसे आत दुमडलेले, तसाच तो रिक्षा आणि बसच्या मधून निघून गेला. माझ्या पोटात गोळा आला.

मुलावर राग नाही माझा. हेल्मेट पोलिसांसाठी घालायचं असतं हे त्याला कुणीतरी शिकवलंय, आणि शिकवणारा मागेच बसला होता.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आपल्या दारातल्या स्कूटर ११०-१२५च्या, त्यांना अठरा पूर्ण लागतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर तर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलालाही पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

पण दंडाचं राहू द्या. दिवसभर मला ते प्लास्टिकच दिसतंय. हेल्मेट विकत घेतलं होतं हो त्यांनी!

तुमच्या घरी गाडीची किल्ली कुठे टांगलेली असते? मुलांच्या हाताला लागेल अशी?