तुम्ही विचारलंत म्हणून: हा धंदा अजून किती वर्षं?

लग्नकार्याला कोल्हापुरात आले की पंगतीत, इकडे जपानात गणपतीला मराठी मंडळी जमली की आरतीनंतर, आणि हल्ली अनोळखी मुलांच्या मेसेजमधूनही एकच प्रश्न येतो. "तुम्ही त्या लिथोग्राफीच्या मशिनांच्या लाइनमध्ये ना? मग पुढं काय आहे हो त्यात?" (लिथोग्राफी म्हणजे प्रकाशाने चिपवर किंवा पडद्याच्या काचेवर बारीक नक्षी उमटवणं.) कुणाला अशी मशिनं बनवणाऱ्या एएसएमएल या डच कंपनीचे शेअर घ्यायचे असतात, कुणाला पोराची ब्रँच ठरवायची असते, कुणाला जपान मागं का पडलं एवढंच ऐकायचं असतं. मी विषय बदलते. मग "परदेशात राहून शिष्ट झाली" असं फिरून कानावर येतं. या प्रश्नाचं उत्तर मी एकदा ठामपणे दिलं आहे, म्हणून आता टाळते. कसं दिलं आणि पुढे काय झालं, ते आज लिहूनच टाकते.

जपान मागं का पडलं ते थोडक्यात उरकते. १९८० मध्ये निकॉनने आपला पहिला स्टेपर, म्हणजे चिपवर नक्षी छापणारं यंत्र, बाजारात आणला आणि त्या दशकात निकॉन आणि कॅनन यांनी निम्म्याहून जास्त बाजार काबीज केला. एएसएमएल १९८४ मध्ये फिलिप्सच्या आवारातल्या शेडमध्ये सुरू झाली. त्यांनी लेन्स झाइस या जर्मन कंपनीकडून घेतल्या, पुढे प्रकाशाचा स्रोत बनवणारी सायमर कंपनी २०१३ मध्ये विकतच घेतली, आणि ईयूव्हीवर, म्हणजे अगदी आखूड लहरीच्या अतिनील प्रकाशाने छापण्यावर, वीस वर्षं पैसा ओतला. २०१९ पासून त्या यंत्रांवर मोठ्या प्रमाणात चिप निघायला लागल्या, आणि ती यंत्रं जगात दुसरं कोणीच विकत नाही. निकॉननेही ईयूव्हीचं यंत्र बनवून पाहिलं होतं, पण पुढं नेलं नाही. कॅननने इमर्शनचं, म्हणजे लेन्सखाली पाणी ठेवून छापणारं, यंत्र बाजारात आणलंच नाही, ती आय-लाइन आणि केआरएफ या जाडसर नक्षीच्या जुन्या यंत्रांवर पाय रोवून राहिली. 'सगळं स्वतःच्या छताखाली करायचा जपानी कंपन्यांचा हट्ट नडला' असं मी पूर्वी छातीठोकपणे सांगायचे. आता तेवढ्या जोरात सांगवत नाही, कारण टीव्ही आणि मोबाइलच्या पडद्यांसाठी लागणारी यंत्रं याच हट्टातून झाली. त्या बाजारात अजूनही मुख्यतः निकॉन आणि कॅनन हे दोघेच आहेत.

माझं पोट त्याच यंत्रांवर आहे. मी दोघांपैकी कुणाच्याही नोकरीत नाही. अशा यंत्रांना लागणारे भाग जुळवून देणाऱ्या एका मधल्या कंपनीत खरेदी आणि नियोजन बघते. आमच्या खाली छोटी वर्कशॉप असतात, पाच-दहा माणसांची. माझा जन्मच तसल्या ठिकाणचा. वडिलांची कोल्हापूरजवळ शिरोलीला फौंड्री होती, भट्टी पेटली की घरी जेवायला रात्रीचे बारा. वर्कशॉपवाल्याशी कसं बोलायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, असा माझा समज होता.

पडद्याची काच चिपच्या वेफरसारखी, म्हणजे सिलिकॉनच्या गोल चकतीसारखी, नसते. तिचे आकार पिढ्यांनी सांगतात. साडेदहाव्या पिढीची काच २९४० बाय ३३७० मिलिमीटर, म्हणजे आमच्या शिरोलीच्या स्वयंपाकघराच्या फरशीएवढी एक सलग काच, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. निकॉनच्या यंत्रात एका ओळीत बसवलेल्या अनेक लेन्स मिळून ती काच पट्ट्यापट्ट्यांनी उजळतात. दोन पट्ट्यांचा सांधा जरा हलला की पडद्यावर पुसट डाग किंवा रेघ दिसते. तिला इकडे 'मुरा' म्हणतात, आणि हा शब्द आता जगभरच्या पडदा कारखान्यांत चालतो. कॅनन मोठ्या आरशांनी तेच काम करते. यंत्र एवढं अवजड की सुटं करून पाठवायचं आणि गिऱ्हाइकाच्या क्लीनरूममध्ये माणसं पाठवून काही महिने जुळवत बसायचं. अगदी भरभराटीच्या वर्षीही जगभरची मोजदाद शे-दीडशे यंत्रांत संपते. गिऱ्हाईक बोटांवर मोजण्याएवढे. त्यातल्या एकाने कारखाना सहा महिने पुढे ढकलला की आमचं वर्ष गेलं.

२०१८ चा वसंत. बीओई या चिनी पडदा कंपनीचा हफेइ शहरातला साडेदहाव्या पिढीचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, मागोमाग आणखी उभे राहत होते, आणि आमच्याकडे भाग पुरत नव्हते. मी तोक्योच्या उत्तरेला एका वर्कशॉपमध्ये गेले. मालक सत्तरीच्या घरातले, सगळे त्यांना शाचो म्हणायचे. बायको हिशेब बघायची, मुलगा मशीनवर. लेन्सची नळी धरून ठेवणाऱ्या चौकटी ते कातायचे. काम झालं की चौकट रात्रभर एका बंद खोलीत ठेवायचे, तिचं तापमान खोलीएवढं झाल्याशिवाय मोजायचे नाहीत. वडीलही ओतकाम गार झाल्याशिवाय हात लावू द्यायचे नाहीत, ते मला तिथं आठवायचं.

मी नाइजी घेऊन गेले होते. नाइजी म्हणजे पुढच्या काळात साधारण किती माल लागेल त्याचा आगाऊ अंदाज. ती ऑर्डर नव्हे, तसं कागदाच्या तळाशी छापलेलं असतं. शाचोंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पाच वर्षं राहील का हे?" इकडे माणसं इतकं थेट विचारत नाहीत. पंचाक्षी मशीनचं, म्हणजे पाच अक्षांवर फिरून कातणाऱ्या नव्या मशीनचं, कोटेशन टेबलावरच पडलं होतं. कर्ज काढावं लागणार होतं.

मी म्हटलं, "राहील. पाच वर्षं नक्की."

ते तेव्हा मला खरंच वाटत होतं, हे खोटं नाही. पण आणखी एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी मला त्यांच्याकडून दोन गोष्टी न्यायच्या होत्या: महिन्याला जास्त नगांचा शब्द आणि नगामागे थोडा उतरलेला दर. पाच वर्षांचं काम समोर दिसलं की माणूस दर उतरवतो, हे मला ठाऊक होतं. दोन्ही घेऊनच मी परतले.

पडद्यांचे भाव त्या वर्षी घसरत गेले. २०१९ मध्ये आमच्या याद्यांतली यंत्रं एकेक तिमाही पुढे सरकायला लागली. २०२० मध्ये साथ आली. यंत्रं खोक्यांत आणि ती जुळवणारी माणसं जपानमध्ये अडकली. घरी बसलेल्या लोकांनी टीव्ही आणि लॅपटॉप भरपूर घेतले, पडद्यांचे भाव पुन्हा चढले, पण त्याने जुन्या लाइन भरून चालल्या. नवं यंत्र त्यातून येत नाही, आलं तरी फार उशिरा. शाचोंनी २०२१ च्या हिवाळ्यात वर्कशॉप बंद केलं.

आमचे साचे आणि गेज परत आणायला मीच गेले. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. मशीन लिलावासाठी पुसून ठेवलं होतं. कंट्रोल पॅनलच्या एका कोपऱ्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा अजून निघालेला नव्हता. भिंतीवर माझा नाइजीचा कागद टाचणीने लावलेला होता. पुरवलेल्या प्रत्येक महिन्यावर लाल पेन्सिलची बारीक टिकली. मार्च २०१९ पर्यंत टिकल्या होत्या, पुढचे रकाने कोरे. बाईंनी चहा आणि पर्सिमॉनच्या फोडी दिल्या. शाचो म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून मशीन घेतलं असं मनात आणू नका. मला ते घ्यायचंच होतं." हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

माझी बाजूही आहे. नाइजी ही ऑर्डर नव्हे, ते त्यांनी चाळीस वर्षांत शंभरदा पाहिलं होतं. साथ येणार हे कुणाला माहीत होतं? मी "माहीत नाही" म्हटलं असतं तर ते काम दुसऱ्या वर्कशॉपला गेलं असतं आणि कदाचित यांचं आधीच बंद पडलं असतं. हे सगळं मी स्वतःला सांगून बघते. मग तो उतरवलेला दर आठवतो आणि पुढचं वाक्य सुचत नाही.

आज विचाराल तर चित्र पुन्हा हललं आहे. लॅपटॉप आणि टॅबलेटसाठी ओएलईडीच्या ८.६ पिढीच्या लाइन आल्या. सॅमसंग डिस्प्लेने २०२३ मध्ये कोरियातल्या आसान शहरातल्या लाइनसाठी ४.१ ट्रिलियन वॉन जाहीर केले, पाठोपाठ बीओईने चीनमधल्या छंगदूसाठी ६३ अब्ज युआन. काच लहान, २२९० बाय २६२० मिलिमीटर, पण ओएलईडीत साध्या एलसीडीपेक्षा थर जास्त, म्हणून तीच काच यंत्राखालून जास्त वेळा जाते. शिवाय चिप एकत्र बांधण्यासाठी गोल वेफरऐवजी चौकोनी पाटे वापरायची धडपड सुरू आहे. निकॉनने जुलै २०२५ मध्ये ६०० मिलिमीटर चौरस पाट्यासाठी मास्क (नक्षीचा साचा) न लागणाऱ्या यंत्राच्या ऑर्डर घ्यायला सुरुवात केली, आणि त्यात पडद्यांच्या यंत्रांचाच अनुभव कामी आला आहे. यावर माझा विश्वास आहे. पण साकाईचा शार्पचा दहाव्या पिढीचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला तेव्हाही सगळ्यांचा विश्वास होता, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथली पडद्यांची लाइन थांबली. नव्या ऑर्डरी बहुतेक चीनच्या, २०२३ पासून जपान आणि नेदरलँड्सचे निर्यातीचे नियम कडक, आणि चीन स्वतःची यंत्रं बनवायच्या मागे. यातून पाच वर्षांचा आकडा कुणी काढून दाखवत असेल तर त्याला त्या दिवशी काय विकायचं आहे ते आधी बघा. मीही तेच केलं होतं.

मागच्या आठवड्यात शिरोलीहून चुलतभावाचा फोन आला. गुजरातेत धोलेऱ्यात टाटांची फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, होते आहे, ९१,००० कोटींची. आज ना उद्या मशिनांचे भाग इथंच लागतील, म्हणून त्याला फौंड्रीशेजारी मशीनिंगची लाइन टाकायची आहे. "अक्का, तू त्यातलीच आहेस. पाच वर्षं तरी चालंल का गं?"

मी बराच वेळ गप्प राहिले. लाइन कट झाली असं वाटून तो दोनदा "हॅलो" म्हणाला. शेवटी म्हटलं, बँकेचे कागद पाठव, एकही नवी ऑर्डर आली नाही तरी महिन्याचा हप्ता कशातून फेडशील ते आधी मांडू. "तू हो म्हण की नाही म्हण, एक काय ते सांग," असं म्हणून त्याने फोन ठेवला. कागद अजून आलेले नाहीत.