रिकाम्या बोटीला दोर लावताना

माणसं उतरून गेलेली शिडाची बोट समुद्र सहसा लगेच बुडवत नाही. ती बुडते आपण तिला ओढायला लागल्यावर. मे महिन्याच्या शेवटी, आगोटीच्या तोंडावर, रत्नागिरीच्या पश्चिमेला ११० मैलांवर आमच्या टगला (दुसऱ्या जहाजांना ओढणाऱ्या बोटीला) बारा मीटर लांबीची एक फायबरची बोट सापडली. तिला जयगडच्या खाडीच्या तोंडाशी आणेपर्यंत अडतीस तास गेले, आणि त्यात ती दोनदा हातची जाणार होती. दोन्ही वेळा कारण समुद्र नव्हता, ओढणं होतं.

बोटीवरचे दोघे अकरा दिवसांपूर्वी एका मालवाहू जहाजावर चढले होते. सुकाणू मोडलं होतं आणि वारा वाढत होता. अशा वेळी जहाजाचं काम माणसं उचलण्याचं असतं. नऊ टनांची बोट ते वर घेऊ शकत नाही, आणि ती झेपेल इतक्या कमी वेगाने भरलेलं जहाज धड चालवताही येत नाही. २०१८ मध्ये एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतल्या अभिलाष टॉमी यांना फ्रेंच जहाजाने दक्षिण हिंदी महासागरातून उचललं, तेव्हा गोव्यात बांधलेली त्यांची शिडाची बोट ‘थुरिया’ अशीच मागे राहिली होती.

आधी शोधाचा हिशेब. वाहत जाणं दोन गोष्टींनी ठरतं, प्रवाह आणि बोटीच्या अंगावर बसणारा वारा. अशा बोटीला वाऱ्याच्या वेगाच्या साधारण साडेतीन टक्के धरायचे. पंधरा नॉट (तासाला पंधरा सागरी मैल) वारा म्हणजे अर्धा नॉट, त्यात पाव नॉट प्रवाह, म्हणजे दिवसाला अठरा मैल आणि अकरा दिवसांत दोनशे. शिवाय बोट वाऱ्याच्या नेमक्या रेषेत जात नाही, डावी-उजवीकडे फाकते, म्हणून शोधाचं क्षेत्र पंख्यासारखं पसरत जातं. आम्ही आखलेल्या क्षेत्रात बोट नव्हतीच. ती तीस मैल पुढे, पूर्वेला निघाली. पुढचं गुंडाळी शीड, म्हणजे जेनोआ, निम्मं उलगडलं होतं आणि माणसाविना बोट थोडीफार शिडावर चालत होती. शीड आवळणारी दोरी दोन वेढे देऊन क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) नुसती अडकवलेली होती. पक्की गाठ मारली असती तर आमचे दोन दिवस वाचले असते.

ठिकाण कळलं ते जाणाऱ्या एका टँकरमुळे. नॅव्हएरिया ८ या समुद्री भागाचे नौवहन इशारे भारत देतो आणि देहरादूनचं राष्ट्रीय जलालेखन कार्यालय ते काढतं. तो इशारा वाचून टँकरने स्थान कळवलं. रडारवर फायबरचं शरीर जवळजवळ दिसतच नाही, फक्त डोलकाठीचा ठिपका येतो-जातो. डोळ्यांनी शोधायचं तर सूर्य पाठीशी घेऊन, सकाळी किंवा संध्याकाळी. दुपारी पांढरी बोट फेसात हरवते.

सकाळी साडेसहाला बोट दिसली. जवळ जायच्या आधी तटरक्षक दलाच्या मुंबईच्या समन्वय केंद्राला स्थान आणि अवस्था कळवली. आपल्या किनाऱ्यावर हे कधीच टाळू नये. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला लागलेली ‘लेडी हान’ ही बोट कोणाला आठवत नाही? २६ जूनला ओमानकडे इंजिन बंद पडून तिच्यावरची माणसं उतरवली गेली, आणि साडेसात आठवड्यांनी ती रायगडच्या किनाऱ्याला लागली. आत तीन एके-४७ निघाल्या आणि जिल्हाभर नाकाबंदी झाली. ती शिडाची नव्हती, पण तिलाही वाहून आणलं ते वाऱ्याने आणि प्रवाहानेच. म्हणून नियम असा, की आधी कळवायचं, मग चढायचं, आणि कशालाही हात लावण्याआधी फोटो काढायचे.

टग तिच्या अंगाला लावायचा विचारही करू नये. पंचवीस अंश डोलणाऱ्या सोळा मीटरच्या डोलकाठीचं टोक दोन्ही बाजूंना सहा-सात मीटर झोके घेतं. ते टगवर आपटलं की तारा तुटतात आणि काठी डेकवर येते. आम्ही रबरी बोट सोडली. पहिली फेरी दुरून मारली, कारण पाण्यात लोंबणारे दोर पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गेले की आपणच वाहायला लागतो. या बोटीचे दोन दोर तसे लोंबत होते. ते हुकाने वर घेतले आणि वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने, मध्याशी चढलो. मागून चढू नये, मागचा भाग लाटेबरोबर रबरी बोटीवर आदळतो.

वर गेल्यावर पहिलं काम मोकळं फिरणारं बूम (मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा) बांधून टाकणं. मग जेनोआ. फडफडणाऱ्या शिडाच्या कोपऱ्यातली गाठ डोकं फोडू शकते, म्हणून ते उतरवायच्या भानगडीत न पडता रिकामं हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) फोरस्टेभोवती (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेभोवती) बारा-तेरा वेढे घेऊन शीड जागीच आवळलं.

केबिनमध्ये लगेच उतरायचं नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. एक स्विच दाबला तरी पुरे. बॅटऱ्या खाऱ्या पाण्यात बुडाल्या असतील तर क्लोरीन सुटतो. झाकणं उघडली, वीस मिनिटं वारा खेळू दिला, वायू मोजायचा मीटर दोरीने खाली सोडला. ऑक्सिजन २०.९, ज्वलनशील वायू शून्य. मग एक जण खाली, एक दारात.

फळ्यांवर ३५ सेंटिमीटर पाणी होतं, एकूण चारेक टन. ते खारं होतं, म्हणजे पिण्याची टाकी फुटलेली नाही, समुद्र आत येतो आहे. सगळे सीकॉक (बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या तोट्या) बंद केले: संडासाचे दोन, सिंकचा एक, इंजिनच्या थंड पाण्याचा एक. पन्नास मिलिमीटरचं एक भोक पाण्याखाली साठ सेंटिमीटरवर उघडं असेल तर मिनिटाला सुमारे २४० लिटर आत येतात. या बोटीवर तसं काही नव्हतं, नाहीतर ती पहिल्या दिवशीच गेली असती.

दोन इंची पेट्रोल पंप कॉकपिटमध्येच ठेवला. तो केबिनमध्ये चालवला तर धुराने माणूस मरतो. कागदावर तो मिनिटाला ५०० लिटर फेकतो, प्रत्यक्षात ३५० धरा. त्या मानाने बारा मिनिटांचं काम. लागला दीड तास. पुस्तकांचा लगदा, डब्यांची लेबलं, तांदूळ आणि फोमचे तुकडे जाळीवर बसत होते. नऊ वेळा जाळी साफ केल्यावर आमच्या टगवरच्या सारंगमामांनी भाजीची प्लास्टिकची टोपली मागवली आणि पंपाचं तोंड तिच्यात ठेवलं. त्यानंतर पंप एकदाही अडला नाही.

रिकामी झाल्यावर खूण करून गळती मोजली: तासाला चाळीस लिटर. सुकाणूचा दांडा ज्या नळीतून खाली जातो, तिच्या तळच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. चार टन साचायला चार दिवस, म्हणजे बोटीचा स्वतःचा पंप आधी आठवडाभर चालला आणि बॅटरी संपल्यावर थांबला. चाळीस लिटर ही किरकोळ गळती, असं आम्ही मानलं. ती चूक होती.

आता दोर. नाळेवरचे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचे, क्लीट धक्क्याला बांधण्यासाठी असतात, भर समुद्रात ओढण्याचे हिसके त्यांना सोसत नाहीत आणि ते डेकच्या तुकड्यासकट उपटून येतात. या बोटीची डोलकाठी डेकमधून थेट तळाच्या कण्यावर उभी होती, म्हणून ब्रायडल (ओढायचा दोन पदरी दोर) तिच्या बुडाभोवती घेऊन मागच्या दोन मोठ्या विंचवर (दोर ताणायच्या चरख्यांवर) बांधलं. काठी नुसती डेकवर ठेवलेली असती तर तिला हात लावला नसता. नाळेवरून पुढे दोर जाऊ दिला नाही. बोटीचाच नांगर सोडवून तिची दहा मिलिमीटरची साखळी पंधरा मीटर बाहेर काढली. साखळी घासून तुटत नाही, आणि तिच्या वजनाने हिसके गिळले जातात. पुढे १७० मीटर नायलॉन. साखळी आणि बोट धरून एकूण २०० मीटरच्या आत, म्हणजे टगवर एकाखाली एक असे दोनच दिवे लावून चालतं. शॅकलच्या (दोर आणि साखळी जोडणाऱ्या कड्यांच्या) पिना तारेने बांधल्या. बोटीवर बॅटरीचे दिवे लावले, माणूस एकही ठेवला नाही.

नाळेवर चकाकती टेप तीन उंचींवर चिकटवली होती, सगळ्यात खालची पाण्याच्या रेषेखाली. चाळीस टन ओढणाऱ्या टगला मागे नऊ टनांची बोट आहे की नाही हे इंजिनवरून कळत नाही. बोट बुडून दोराला लटकली तरी आकडे तेच राहतात.

दुपारी दोनला निघालो आणि दहा मिनिटांत पहिला प्रसंग आला. सुकाणूविना बोट उजवीकडे चाळीस अंश फाकली, दोर आडवा झाला आणि तिची कड पाण्यात गेली. अशा वेळी जोर वाढवला तर बोट उलटते. थांबलो. मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरून साठ मीटर दोराचा फास सोडला, त्यात गाडीचे दोन टायर आणि थोडी साखळी. मागून हा ओढा मिळाल्यावर फाकणं दहा अंशांवर आलं.

रात्री दोनला पहाऱ्यावरच्या खलाशाने सर्चलाइट टाकला आणि सगळ्यात खालची टेप दिसली. नाळ वर आली होती, म्हणजे मागे पाणी भरत होतं. वेग साडेचार नॉट, बोटीला सहज झेपणारा. पण ओढताना मागचा भाग खाली बसतो आणि मागची लाट चढते. सुकाणूच्या नळीचा वरचा सांधा थांबलेल्या बोटीत पाण्याच्या वर असतो, तो आता पाण्याखाली होता. तिथून किती येत होतं ते मोजायला वेळ नव्हता. अंधारात रबरी बोट सोडून पंप लावला, नळीवर ग्रीस थापलं, ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या गुंडाळून चार क्लिपांनी आवळल्या. साडेतीनला पुन्हा निघालो, साडेतीन नॉटने. टगच्या एका पंख्याच्या पात्यांचा कोन अगदी कमी करून दर दोन तासांनी पाहणी.

रात्री साडेआठला खाडीच्या तोंडाबाहेर दोर १७० वरून तीस मीटरवर घेतला, नाहीतर साखळी तळाला घासते आणि बोट वळणात हाताबाहेर जाते. नांगर टाकल्यावर पंप आणि पेट्रोलचा कॅन बोटीवरच ठेवला, एक माणूस बसवला.

किनाऱ्यावर पहिला प्रश्न आला, ‘मग आता ही तुमचीच का?’ नाही. माणसं उतरली म्हणून मालकी सुटत नाही, ती मालकाकडे किंवा दावा भरलेल्या विमा कंपनीकडे राहते. १९८९ च्या सॅल्व्हेज (संकटातली जहाजं वाचवण्याच्या) कराराप्रमाणे आपल्याला मिळतो तो मोबदला, तोही बोट किंवा तिचा भाग वाचला तरच, आणि वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीपुरताच. फोटो, सामानाची यादी आणि गळतीच्या नोंदी सकाळी अधिकाऱ्यांच्या हाती दिल्या. नळीवरचं रबर तसंच राहू दिलं. बोट क्रेनने उचलेपर्यंत ते कोणी सोडू नये, असं यादीच्या पहिल्या ओळीत लिहिलं.