गर्क

नोकरीसाठी मस्कतला आलो त्या वर्षी हौसेने अरबीच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. एके दिवशी उस्तादांनी फळ्यावर तीन अक्षरं लिहिली: गैन, रा, काफ. 'गरक', म्हणजे बुडणे. त्यातला 'ग' गुळणी केल्यासारखा घशातून काढायचा. पाणी जणू उच्चारातच.

मला आई आठवली. "कुठं गर्क झालायस? तीन हाका मारल्या!" तो गर्क हाच. फारसीच्या वाटेने आपल्याकडे येताना अंग पुसून आलेला. मराठीत माणूस वाचनात गर्क होतो, गप्पांत होतो. विहिरीत कुणी गर्क झाल्याचं ऐकलं नाही.

अरबीत तो अजून ओलाच आहे. बुडणारा तो 'गरीक', आणि तोही आपल्या बुडत्यासारखाच काडीला धरतो. प्रवासाला दोन तास लागले, हे सांगायला याच धातूचं 'इस्तगरक' चालतं. बाहेरचा स्वस्त माल ओतून बाजार बुडवणं म्हणजे 'इगराक'. पण मी अडकलो ते 'इगरौरक'पाशी. डोळे पाण्याने भरून येणं, एवढ्यासाठी हे रूप. मधला 'र' दोनदा येतो. आपलं 'डबडबले' बघा! एका 'ड'मध्ये ते पाणी मावत नसावं.

नापास होण्याला 'रसब' म्हणतात, म्हणजे गाळासारखं तळाशी बसणं. चाचणीत मी तळाला गेलो नाही. फार वर तरंगलो असंही नाही.

"तुमच्याकडे काय काय बुडतं?" उस्तादांनी विचारलं. मी यादीच दिली: पैसे बुडतात, धंदा बुडतो, मजुरी बुडते, शाळा तर आपणच बुडवतो. आणि संध्याकाळी दिवस बुडतो. दिवसावर ते हसले. त्यांच्याकडे सूर्य मावळतो तो 'गरब', दूर निघून जातो. त्याच धातूचा 'गरीब', म्हणजे परका. आपण त्याला पैशाचा हिशेब चिकटवला. परदेशात पोट भरणाऱ्याला दोन्ही अर्थ महिनाअखेरीस सारखेच लागू पडतात म्हणा.

पुढच्या वर्गाला निघणार, तेवढ्यात आईचा फोन आला. गावाकडचा पाऊस, शेजारचं लग्न, गुडघेदुखी. घड्याळ पाहिलं तेव्हा पाऊण तास झाला होता. वर्ग बुडाला.