शिकण्याच्या दिवसांचा पगार

इथे जर्मनीत एखाद्याच्या कामाची वेळ मोजायची असेल तर त्याला आधी सांगावं लागतं. खांबाआड उभं राहून घेतलेली वेळ कागदावर चढत नाही. ज्याच्या हातांकडे बघायचं, त्याला ते कधी आणि कशासाठी हे माहीत असलं पाहिजे. शिवाय त्याचं एकट्याचं 'हो' पुरत नाही. कामगारांनी मतदानाने निवडलेलं मंडळ असतं, बेट्रीब्सराट. जिथे ते आहे तिथे त्याच्याशी करार झाल्याशिवाय यंत्राने मोजायला किंवा मोजणीवर पैसे ठरवायला हात लावता येत नाही.

एप्रिलमध्ये या नियमाने माझं काम बरेच दिवस अडवून ठेवलं, आणि माझा राग अजून पुरता गेलेला नाही. आमच्याकडे पंपांची जुळणी होते. नवं मॉडेल आलं, त्याचा स्टँडर्ड टाइम, म्हणजे एका जुळणीला रास्त धरायची वेळ, काढायचा होता. स्टॉपवॉच घेऊन माणसाच्या डोक्यावर उभं राहण्यापेक्षा फक्त हातांचं चित्रण करू, चेहरा येणारच नाही, असं मी सुचवलं. मंडळाच्या बाईंनी शांतपणे कायदा पुढे ठेवला. १९७२ च्या कायद्याचं ८७ वं कलम: कामगाराच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवू शकेल असं कुठलंही यंत्र बसवायचं तर मंडळाचा वाटा त्यात हवाच, आणि मोजलेल्या वेळेवर पैसे ठरणार असतील तर त्या दरांतही हवाच. मग बैठका. चित्रफीत कोण बघणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार. मी शिकून आलेली इंजिनियर, आणि मला विचारत होते की फीत पुसल्याची सही कोण करणार! चाकणला हेच काम दुपारच्या जेवणाआधी उरकलं असतं. हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. वेगाची एक ताकद आपल्याकडे आहे, ती यांच्याकडे नाही.

पण त्या कराराच्या मसुद्यात शेवटी एक तक्ता होता, आणि तो वाचल्यापासून मला वेंगुर्ल्याच्या काजू फोडायच्या शेडी आठवत राहिल्या आहेत.

कामाची वेळ अशी मोजण्याला टाइम स्टडी म्हणतात. ती आपल्याकडेही शिकवतात, तेव्हा थोडक्यात सांगते. समजा एक काम करताना माणसाला ५० सेकंद लागलेले दिसले. तो नेहमीपेक्षा जरा चपळ होता, म्हणून रेटिंग ११० टक्के धरलं. झाले ५५ सेकंद. त्यात पाणी, लघवी, थकवा यांसाठी १२ टक्के अलाउन्स घातला की ६१.६ सेकंद. एवढी वेळ मुरलेल्या माणसाची. खरा प्रश्न आहे नव्याचा. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या थिओडोर राइटने विमानांच्या किमतीवर लेख लिहिला आणि दाखवलं की बांधलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की एका विमानामागची सरासरी मजुरी साधारण ८० टक्क्यांवर येते. पुन्हा दुप्पट, पुन्हा ८० टक्के. सुरुवातीला वेळ झपाट्याने उतरते, मग उतार मंदावतो, कारण दुप्पट व्हायलाच दिवसेंदिवस जास्त काम लागतं.

आमच्या मसुद्यातल्या तक्त्यात हा उतार आठवड्यांत मांडला होता. नवीन माणसाकडून पहिल्या आठवड्यात किती अपेक्षा, चौथ्यात किती, आठव्यात किती. जुन्याइतकी अपेक्षा बाराव्या आठवड्याच्या पुढे. तोवर पगार पूर्ण. शिकण्याचा वेळ कंपनीच्या खर्चात धरलेला, आधीच, लेखी. मी कॉलेजात लर्निंग कर्व्हचे, म्हणजे याच उताराचे, आलेख शेकड्यांनी काढले, गणितं सोडवली. त्या उतारावरून चालणाऱ्या माणसाचे पैसे कोण भरतो, हा प्रश्न एकाही पेपरात आला नव्हता.

आता आपल्याकडचं. माझी मावशी वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजूच्या कारखान्यात बरीच वर्षं बी फोडायला होती. काम बघितलेल्यांना सांगायला नको, पण जिल्ह्याबाहेरच्यांसाठी: बी वाफवून, सुकवून येते. यंत्राच्या पात्यांमध्ये ती आडवी धरायची, पायाने दांडा दाबून कवच कापायचं, हाताने दुसरा दांडा फिरवून ते उघडायचं, आतला गर अख्खा बाहेर काढायचा. कवचातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हाताला राख किंवा तेल चोळून बसायचं. पैसे किलोवर. अख्ख्या गराचा दर वेगळा, पाकळी (अर्धा गर) आणि तुकड्याचा कमी.

साधा हिशेब मांडते. काजूला राइटचाच आकडा लागेल असं नाही, उताराचा आकार मात्र असाच असतो. नवीन मुलीला पहिला किलो गर काढायला ६० मिनिटं लागली असं समजा. ८० टक्क्यांच्या हिशेबाने दुसऱ्या किलोला ४८ मिनिटं, चौथ्याला ३८, आठव्याला ३१, सोळाव्याला साडेचोवीस, बत्तिसाव्याला वीसच्या आत, आणि चौसष्टाव्याला सुमारे १६. किलोचा दर १६ मिनिटांत किलो काढणाऱ्या हातांवर बेतलेला असला, तर पहिल्या किलोच्या वेळी तिच्या पदरात पडते तासाला जुन्या बाईच्या साधारण पाव मजुरी. त्यात नव्या हाताने गर जास्त तुटतो, म्हणजे दरही खालचा. बोटं भाजतात ती वेगळीच. मावशीला मी फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "पयलो म्हयनो हात भाजून घेण्यात जाता गो, पैशे खयसून येतले?" माझ्या आलेखात जे आहे ते तिला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. त्या उताराचा खर्च तिने स्वतः भरला होता, एवढाच फरक.

हे मी इथल्या एका सहकाऱ्याला जेवताना सांगितलं. त्याने लगेच मान हलवली आणि 'पिळवणूक' असा एक शब्द टाकून आपल्या बटाट्यांकडे वळला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. त्याला म्हटलं, अख्ख्या गरांच्या प्रती असतात: एका पौंडात २२० ते २४० गर बसतात ते डब्ल्यू २४०, ३०० ते ३२० बसतात ते डब्ल्यू ३२०, हे तू कागदावर वाचशील. आमच्या बायका तो फरक नजरेने करतात, बोलता बोलता, वजनकाट्याशिवाय. त्या शेडी होत्या म्हणून वाडीवाडीतल्या बायकांच्या हातात रोख पैसा आला, तोही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बहुतेक शेडी लहान आहेत. मालकाने बी उधारीवर घेतलेली असते. स्थानिक बी मार्च ते मेमध्ये येते, पुढे बाहेरच्या बीवर चालवावं लागतं, भाव हातात नसतो. बारा आठवडे पूर्ण पगार देऊन शिकवायची ऐपत पंपांच्या कारखान्याला असते, ती तिथे कुठून आणायची?

हेही मी खरंच मानते. पण असं बोलून झाल्यावर रात्री झोप लागली नाही. कारण ऐपतीचा मुद्दा अर्धाच आहे. आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यात (२०२५ मध्ये त्याची जागा वेतन संहितेने घेतली) १७ वं कलम होतं: तासाचं किंवा दिवसाचं किमान वेतन ठरलेलं असेल, नगाचा किमान दर ठरलेला नसेल आणि काम नगावर करून घेतलं, तरी त्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नसे. म्हणजे शिकाऊ मुलीच्या पायाखाली फळी टाकायचा विचार आपल्या लोकांनी स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी केला होता. यांचं ८७ वं कलम त्यानंतरचं आहे. आम्हाला कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. पहिल्या महिन्यात किती किलो होणं रास्त, याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. नोंद नाही म्हणून शिकाऊ मुलगी आळशी ठरते, मालक म्हणतो हिला जमत नाही, आणि ती दहाव्या दिवशी घरी बसते.

दुसरी एक गोष्ट इथे बघून पटली. एखादीचा हात बसला, ती भराभर काम करू लागली, म्हणून दर कापायचा नाही. पद्धत बदलली, नवं यंत्र आलं, तरच नव्याने मोजणी. फ्रेडरिक टेलरने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात हेच पाहिलं होतं: जास्त काम केलं की दर उतरवतात हे कळलेले कामगार मुद्दाम हळू काम करत. त्याच्या घड्याळाला पुढे जगभर शिव्या मिळाल्या, त्यातल्या बऱ्याच योग्य होत्या. पण हे निरीक्षण खरं होतं, आणि आपल्या शेडींत आजही तितकंच खरं आहे.

आणि चतुर्थीचं काय? कोकणात गणपतीत शेड बंद, त्यानंतर भातकापणी. परत आल्यावर पहिले काही दिवस हात जड असतात. हे कोणत्याही फोरमनला माहीत आहे. हर्मान एबिंगहाऊसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला. त्यातच त्याने हेही दाखवलं की विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. त्याने पाठांतर मोजलं होतं, हातकाम नाही, पण बी फोडणाऱ्या हातांतही मला तेच दिसतं. म्हणून सुट्टीनंतरच्या बाईला नव्या मुलीच्या तक्त्यावर बसवायचं नाही आणि जुन्या दरावरही पहिल्या सकाळी जुंपायचं नाही. दोन-तीन दिवसांची मोकळीक पुरते.

तू इथे शेडीत येऊन बोललीस तर खरं, असं कोणी म्हणेल. मी तिथे असते तर स्टॉपवॉच घेऊन शेडीत शिरणारी मी मालकाची माणूस ठरले असते, आणि बायकांनी माझ्यासमोर मुद्दाम हळू काम केलं असतं. त्यांचं बरोबरच असतं. इथे राहून निदान मी पद्धत शिकले, ती कागदावर मांडून पाठवू शकते.

पाठवलीही आहे. माझ्या मावसभावाची, दादाची, स्वतःची लहान शेड आहे. त्याला मी सुचवलंय की नवीन मुलीला पहिले आठ आठवडे रोजावर ठेव, किमान वेतनाएवढ्या. रोज संध्याकाळी तिचे अख्खे गर आणि पाकळी वेगवेगळे तोलून वहीत लिही. वही तिच्या समोर लिही, आणि तिची सही घे. आठ आठवड्यांनी किलोवर जायचं की रोजावरच राहायचं हे तिने ठरवायचं.

दादाची शंका एकच आहे: "आमी शिकवचां आणि ती शेजारच्या शेडीत जातली, मगे?" शंका खरी आहे. माझं उत्तर असं की शेजारची शेड तिला पहिल्या दिवसापासून किलोवर बसवते, म्हणून ती शिकेपर्यंत तरी तुझ्याकडे टिकेल. आणि शिकल्यावर ती टिकावी असं वाटत असेल तर हात बसला म्हणून दर कापू नकोस. त्याला अर्धं पटलंय. चतुर्थीनंतर दोन मुलींवर करून बघतो म्हणाला, पण रोजाचा आकडा अजून आमच्यात ठरायचा आहे. तुमच्यापैकी कोणाच्या शेडीत अशी वही असेल, मोडकीतोडकी का असेना, तर तिच्या पानांचे फोटो मला पाठवा. दादाला आकडे दाखवायला उपयोगी पडतील.